जावयाचे कागद, लेकीचा घोर

नृसिंहवाडीच्या दत्ताच्या देवळात अभिषेकाचा संकल्प सोडताना नाव आणि गोत्र विचारतात, मग कारण. नोकरी, लग्न, मूल, दुखणं, कोर्टातला दावा ही जुनी कारणं. अलीकडं त्यांत आणखी एक येऊन बसलंय: जावयाचा व्हिसा. जयसिंगपूरचं, इचलकरंजीचं, निपाणीचं साठीतलं एखादं जोडपं पुढं येतं आणि इकडंतिकडं बघून सांगतं, "जावयाचं कागद अडकल्यात ओ. पोरगी तिकडं, तो हिकडं." कुणी ओळखीचं ऐकत तर नाही ना, ही धास्ती त्या बोलण्यात असते. घराण्याला बट्टा लागल्याची ती भाषा असते.

मला आज त्या धास्तीबद्दलच बोलायचंय. ज्या नवऱ्याबायकोनं कुठलाही गुन्हा केलेला नाही, त्यांचा संसार कंपनीच्या एका पत्रावर आणि सरकारच्या एका शिक्क्यावर टांगून ठेवणं हा अन्याय आहे. अमेरिकेनं केला तरी अन्याय, ब्रिटननं केला तरी अन्याय, आणि आपण केला तरी अन्यायच. त्याबद्दल कुणाच्या आईबापानं आवाज खाली आणायचं कारण नाही.

हे कागद म्हणजे नेमकं काय, ते पोरी दिलेल्या घरांनासुद्धा नीट ठाऊक नसतं. म्हणून आधी तेवढं सांगते. एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा. अर्ज कंपनी करते, माणूस नाही. तीन वर्षं, मग आणखी तीन, अशी सहा वर्षं. बायको जाते ती एच-फोरवर. तिचं तिथलं राहणं नवऱ्याच्या राहण्याला बांधलेलं. नवऱ्याची नोकरी गेली तर सहसा 60 दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही किंवा दुसरा कायदेशीर मार्ग निघाला नाही, तर दोघांनी गाशा गुंडाळायचा. घराचा हप्ता चालू असो, पोरगं शाळेत असो, बाई सातव्या महिन्यात असो. नवऱ्याशी काडीमोड झाला की तिचा एच-फोर संपला. नवरा वारला तरी संपला.

शेवटचं वाक्य घाबरवायला लिहिलेलं नाही. 22 फेब्रुवारी 2017 ला कॅन्सस राज्यातल्या ओलेथा गावात श्रीनिवास कुचिभोतला या तेलुगू इंजिनिअरला एका माथेफिरूनं गोळी घातली. "माझ्या देशातून चालते व्हा" असं ओरडत घातली. त्यांची पत्नी पार्थिव घेऊन हैदराबादला आली आणि तेव्हा कळलं की नवऱ्याबरोबर तिचा अमेरिकेत राहायचा हक्कही गेलाय. परत जायला तिला तिथल्या एका खासदाराची मदत लागली. कुंकू पुसलं गेलं त्याच दिवशी तिचं घर, तिची नोकरी, तिचं गाव सगळं कायद्यानं पुसलं. कायदा करणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. बायकोचा स्वतंत्र माणूस म्हणून विचारच त्यांनी केला नव्हता, असं म्हणते. ते जास्त वाईट आहे.

सहा वर्षं संपायच्या आत कंपनीनं ग्रीन कार्डासाठी अर्ज केला आणि तो मंजूर झाला तर व्हिसा पुढं वाढत राहतो. पुढं म्हणजे किती? अमेरिकेच्या 1990 च्या कायद्यानं नोकरीच्या वाटेनं मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची मर्यादा वर्षाला सुमारे 1,40,000 ठरवली. कुठल्याही एका देशाला साधारण 7 टक्क्यांहून जास्त नाहीत. दीडशे कोटींच्या देशालाही तेवढीच आणि दोन-चार लाख वस्तीच्या देशालाही तेवढीच. त्यात त्या माणसाची बायको आणि पोरं हीसुद्धा त्याच आकड्यात मोजली जातात, म्हणजे चौघांचं कुटुंब चार कार्डं खातं. परिणाम असा की 2025 च्या अखेरीस भारतीयांच्या दोन मोठ्या वर्गांत 2013 साली अर्ज केलेल्यांची पाळी चालू होती. 2013 ला ज्याचं लग्न झालं त्याचं पोरगं आता मिसरूड फुटायच्या वयाला आलं. इथं जन्मलेल्या आणि आईबापांबरोबर गेलेल्या पोराला 21 वर्षं पूर्ण झाली की ते आईबापांच्या कागदावरून उतरतं. त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो, नाहीतर लहानपणी सोडलेल्या देशात परत यावं लागतं.

आम्ही कृष्णा-पंचगंगेच्या काठची माणसं. जुलै-ऑगस्टात पाणी चढायला लागलं की आमच्या घराघरांत एकच प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? 39 ला इशारा, 43 ला धोका. तिकडं लेकी दिलेली माणसं तशीच दर महिन्याला, कुठल्या सालच्या अर्जाची पाळी आली ते सांगणाऱ्या अमेरिकेच्या व्हिसा बुलेटिनची तारीख बघतात. फरक एवढाच की पुराला पातळी आहे, इशारा आहे, आणि चार-आठ दिवसांनी पाणी उतरतं हे आम्हाला माहीत आहे. बुलेटिनची तारीख महिनोन्‌महिने जागची हलत नाही आणि कधी कधी मागंही जाते.

आता 2025 साल बघा. 5 फेब्रुवारीला अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरलं. त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. त्या वेळी आपल्याकडचे किती लोक म्हणाले, ते चोरवाटेनं गेले होते, आपली पोरं रीतसर गेली आहेत, आपल्याला काय त्याचं? मला ते बोलणं तेव्हाही रुचलं नव्हतं. बेड्या घातलेल्या माणसांपासून आपण अंग चोरून बाजूला उभं राहिलो. सात महिन्यांनी रीतसर गेलेल्यांची पाळी आली.

19 सप्टेंबरला, शुक्रवारी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एच-वन-बीच्या अर्जावर 1 लाख डॉलर आकारणीचा आदेश काढला. तो लागू होणार होता रविवारपासून, आपल्या घड्याळात सकाळी साडेनऊला. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. आपल्याकडं घराघरांत पितरांचं पान वाढायची घाई चाललेली असताना तिकडं मोठ्या कंपन्या सुट्टीवर आलेल्या आपल्या माणसांना कळवत होत्या, आहात तिथून लगेच परत या. दसऱ्याला घरी आलेली पोरं बॅग उचलून विमानतळाकडं पळाली. तिकडून इकडं यायला निघालेले काही जण विमान सुटायच्या आधीच खाली उतरले. शनिवारी खुलासा आला की ही रक्कम फक्त नव्या अर्जांना आहे, आधीच व्हिसा असलेल्यांना नाही. एका दिवसाचा घोळ, असं कुणी म्हणेल. त्या एका दिवसात कुठल्या घरात काय झालं ते विचारा. बायको इथं बाळंतपणाला आलेली आणि नवरा तिकडं, अशा घरात त्या रात्री कुणी डोळा मिटला नाही.

पुढं 30 ऑक्टोबर. एच-फोरवरच्या काही बायकांना 2015 पासून नोकरीची परवानगी मिळते. सगळ्यांना नाही. ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डाकडचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झालाय, त्यांना. या परवानगीविरुद्ध तिथल्या एका संघटनेनं दहा वर्षं कोर्ट चालवलं. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ऐकायला नकार दिला आणि परवानगी वाचली. पण त्याच महिन्याच्या 30 तारखेपासून आणखी एक कवच काढून घेतलं गेलं. आधी परवान्याचं नूतनीकरण रखडलं तरी जुना परवाना आपोआप 540 दिवसांपर्यंत चालायचा. आता नव्यानं अर्ज करणाऱ्यांना ती सोय नाही. कचेरीत कागद वेळेत सरकला नाही तर तारीख उलटली की काम बंद.

सांगलीच्या वालचंदमधून, कोल्हापूरच्या केआयटीतून इंजिनिअर झालेली पोरगी. चार वर्षं पुण्यात नोकरी केलेली. लग्नानंतर टेक्सासच्या नाहीतर न्यू जर्सीच्या घरात ती बसून राहते, कारण परवाना नाही. तिचं स्वतःचं बँकेतलं खातं नाही, कमाई नाही, गाडी चालवायचा परवानाही नवऱ्याच्या तारखेला बांधलेला. नवरा चांगला असेल तर दोघं मिळून सोसतात. वाईट असेल तर ती कुणाला सांगणार? पोलिसांत गेली तर नवऱ्याची नोकरी जाईल, नवऱ्याची नोकरी गेली तर आपणही इथून जाणार, हा हिशेब ती दररोज करते. मार खाऊन गप्प बसायला लावणारा कायदा कितीही सभ्य भाषेत लिहिलेला असला तरी तो मारणाऱ्याच्या बाजूचा असतो.

डिसेंबरात आणखी एक. दत्तजयंती 4 तारखेला होती. वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्याच दिवशी अमेरिकेनं जाहीर केलं की 15 डिसेंबरपासून एच-वन-बी आणि एच-फोरच्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासली जातील. तपासणीला वेळ लागतो म्हणून भारतातल्या वकिलातींत ठरलेल्या अनेकांच्या मुलाखती एकदम कित्येक महिने पुढं गेल्या. सप्टेंबरात आणखी दोन नियम बदलले होते. मुलाखतीशिवाय नुसते कागद देऊन शिक्का मिळवायची सोय बहुतेकांसाठी बंद झाली होती, आणि कॅनडा-मेक्सिकोत जाऊन शिक्का मारून यायची वाटही अडली होती. म्हणजे एकदा देशात आलं की इथंच रांग. बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवसांसाठी आलेला माणूस इथं अडकला आणि बायको-पोरं तिकडं. तिकडचं घरभाडं चालू, पोराची शाळा चालू, बायकोला एकटीनं सगळं निभवायचं, आणि कंपनी किती दिवस थांबणार हे कुणी सांगेना.

हे सगळं ट्रम्प यांच्यामुळं, ते गेले की संपेल, असं समजणारे भाबडे आहेत. एका देशातल्या माणसाच्या जोडीदाराला दुसऱ्या देशाच्या दारात उभं करून ठेवायची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्याशी आपल्या माणसांनी झुंज घेतलेली आहे. ती आठवण आपण ठेवत नाही, म्हणून मान खाली जाते.

14 मार्च 1913. दक्षिण आफ्रिकेत केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की जो धर्म एकाहून जास्त बायकांना मुभा देतो, त्या धर्माच्या रीतीनं झालेलं लग्न तिथल्या कायद्याला मान्य नाही. एका फटक्यात तिथल्या हिंदू आणि मुसलमान बायका कायद्याच्या नजरेत बायका राहिल्या नाहीत. नवरा तिथं असला तरी भारतातून त्याच्याकडं जायचा त्यांचा हक्क गेला. गांधींच्या लढ्यात स्त्रिया उतरल्या त्या यानंतर. त्याच वर्षी सप्टेंबरात कस्तुरबा प्रांताची हद्द ओलांडून तुरुंगात गेल्या. तीन महिने सक्तमजुरी भोगली. घरात बसून रडायचं त्यांनी नाकारलं. या लढ्यासाठी भारतभर फिरून पैसा उभा करणारे होते गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांचं शिक्षण कुठं झालं? आपल्या कागलला आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1912 साली ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले होते. 1914 च्या कायद्यानं अखेर ती लग्नं मान्य झाली, एका पुरुषाची एक पत्नी या अटीवर.

दुसरी गोष्ट अमेरिकेतलीच. सखाराम गणेश पंडित. नाव मराठी वळणाचं, जन्म अहमदाबादचा. 1906 साली ते अमेरिकेत गेले, 1914 ला तिथले नागरिक झाले, मग कॅलिफोर्नियात वकिली केली. 1920 साली त्यांनी एका अमेरिकन स्त्रीशी लग्न केलं. 1923 च्या फेब्रुवारीत भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की भारतीय हे गोरे नव्हेत, म्हणून त्यांना नागरिक होता येणार नाही. थिंद यांच्या वकिलांत पंडितही होते. त्या निकालाच्या बळावर सरकारनं आधी नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. अनेकांचं काढलंही. मग पंडितांवर खटला आला.

यात त्यांची बायको कुठून आली ते नीट बघा. 1922 च्या कायद्याप्रमाणं अमेरिकन स्त्रीनं परक्याशी लग्न केलं तरी तिचं नागरिकत्व टिकत होतं, पण नवरा आशियाई असेल, म्हणजे नागरिक व्हायला अपात्र असेल, तर टिकत नव्हतं. नवऱ्याचं नागरिकत्व गेलं असतं तर अमेरिकेत जन्मलेली ती बाई स्वतःच्या देशात परकी झाली असती. पंडितांनी कोर्टात स्वतःच्या हक्काबरोबर तिच्या हक्काचाही मुद्दा मांडला. जिल्हा न्यायालयात जिंकले, 1926 ला अपिलात जिंकले, आणि 1927 ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला. त्यानंतर बाकीच्या भारतीयांवरचे तसले खटले सरकारनं सोडून दिले. शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं नवऱ्याबायकोचा कागद एक धरून सरकारला हरवलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव असायला हवं.

ब्रिटनची कहाणी वेगळी सांगायला नको, पण एक सांगतेच. 24 जानेवारी 1979 ला हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी केली गेली. ती खरंच लग्न व्हायची आहे की आधीच कुणाची बायको आहे, हे ठरवायला. आपल्या सरकारनं निषेध केला, जगभर छीथू झाली, तेव्हा तो प्रकार थांबला. आज शरीर तपासत नाहीत, पगार तपासतात. एप्रिल 2024 पासून तिथल्या नागरिकाला परदेशी नवरा किंवा बायको आणायची असेल तर वर्षाला 29,000 पौंडांची कमाई दाखवावी लागते. आधी ती 18,600 होती. मार्च 2024 ला तिथं म्हाताऱ्यांची सेवा करायला नव्यानं जाणाऱ्या केअर वर्करना नवरा आणि पोरं सोबत न्यायला बंदी घातली गेली. तुमचे आजारी आईबाप आमच्या पोरीनं सांभाळायचे आणि तिची पोरं तिच्यापासून हजारो कोसांवर वाढायची. या नियमाला निर्लज्ज म्हणण्यावाचून मला दुसरं काही सुचत नाही.

आता आपलं अंगण.

परदेशी माणसानं भारतीयाशी लग्न केलं तर नागरिकत्वासाठी अर्ज करायच्या आधी इथं सात वर्षं राहावं लागतं. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकाला इथं कायम राहायची मुभा देणारं कार्ड, हवं असेल तर नोंदवलेलं लग्न दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. आणि लग्न मोडलं की कार्ड रद्द होऊ शकतं. म्हणजे बायकोचा आधार नवऱ्याला बांधायची खोड आपल्यालाही आहे. जोडीदार पाकिस्तान किंवा बांगलादेशचा असेल तर ओसीआयचं दारच बंद.

22 एप्रिल 2025 ला पहलगामला अतिरेक्यांनी निरपराध माणसं मारली. त्या माणसांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. त्या घरांचं दुःख मला लहान करायचं नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात अटारीच्या फाटकावर जे झालं तेही डोळ्यांआड करता येत नाही. पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे रद्द झाले. दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांना सूट होती, तो मागून वाट बघणाऱ्यांचे हाल झाले. पाकिस्तानात लग्न झालेल्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या बायका इकडं अडल्या, त्यांची पोरं तिकडच्या पासपोर्टावर. आई एका बाजूला, पोरं दुसऱ्या. सीआरपीएफच्या एका जवानाची पाकिस्तानी बायको फाटकापर्यंत पोहोचली होती, उच्च न्यायालयाची स्थगिती आली म्हणून परत आली. काही दिवसांत त्या जवानालाच नोकरीतून काढलं. नियमभंग झाला का, याचा निवाडा कोर्ट करेल. पण गोळ्या झाडणाऱ्यांशी काडीचा संबंध नसलेल्या बायकांनी त्याची किंमत का मोजायची? न्यू जर्सीतल्या आपल्या लेकीसाठी जो न्याय आपण मागतो, तो अटारीला उभ्या असलेल्या बाईसाठी मागता येत नसेल तर आपलं मागणं खोटं आहे. वाचणाऱ्यांपैकी काहींना हे वाक्य खुपेल. खुपू दे.

आणि आपल्याला दुसऱ्या तऱ्हेनं वागता येतं, याचा पुरावा याच नदीच्या काठावर आहे. वाडीला कृष्णेला मिळणारी पंचगंगा आधी वळिवड्यावरून वाहत येते. 1943 ते 1948 या काळात त्या वळिवड्यात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि पोरं. सायबेरियाच्या छावण्यांतून सुटून, इराणमार्गे आलेली, घरदार नसलेली माणसं. कोल्हापूर संस्थानच्या मातीत त्यांच्या शाळा झाल्या, चर्च झालं, नाटकं झाली. त्यातल्या एका मुलीनं कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं, मराठी नाव घेतलं आणि बाकीचे सगळे निघून गेल्यावरही ती जन्मभर कोल्हापुरात राहिली. तिच्या कागदावरचा देश कुठला, हे विचारून कोल्हापूरनं तिला दारात थांबवलं नाही. पोलिश मंडळी गेल्यावर त्यांनी सोडलेल्या बराकींत फाळणीतले सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर वसलं. पोलंडनं हे लक्षात ठेवलंय. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, 2024 च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान तिथं फुलं वाहून आले. आपल्या तालुक्यातल्या किती पोरांना वळिवड्याचं नाव सांगता येईल?

शेवटचा टोला आपल्याच लग्नबाजाराला. स्थळ अमेरिकेतलं म्हटलं की आपण पगार विचारतो, तोही डॉलरात. घर आहे का, गाडी कुठली, एवढ्यावर गाडं थांबतं. व्हिसाचं कितवं वर्ष चालू आहे? कंपनीनं ग्रीन कार्डाचा अर्ज केलाय का, कुठल्या सालची तारीख पडलीय? आमच्या मुलीला तिथं काम करता येईल का, केव्हापासून? नोकरी गेली तर तुमचं ठरलेलं काय आहे? हे विचारणं म्हणजे मुलाकडच्यांचा अपमान, असं आपल्याला वाटतं. मुलीनं विचारलं तर "फार शिकलेली दिसते" असा शेरा मिळतो. मग सप्टेंबरातल्या त्या शनिवारी सगळ्यांचे डोळे उघडतात आणि तीच मंडळी दुसऱ्या टोकाला जातात, ठरलेलं लग्न मोडतात, पोरगा एकाएकी टाकाऊ ठरवतात. दोन्ही वागणी हलकी. त्याच्या कष्टाची किंमत शिक्क्यावर ठरत नव्हती आणि आजही ठरत नाही.

आणखी एक वाईट खोड. कुणाचा जावई परत आला, कुणाची लेक पोरं घेऊन परत आली की आपण विचारतो, "काय झालं? कायमचंच का?" त्या प्रश्नातला खवचटपणा त्या घराला कळतो. म्हणूनच संकल्पाच्या वेळी तो आवाज खाली येतो. परत आलेली माणसं दहा वर्षांचं काम, ज्ञान, शहाणपण घेऊन येतात. त्यांना हरलेली समजणारी आपली नजर आधी सुधारली पाहिजे.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते आजपासून करता येतं. लग्नाची नोंदणी. आपल्या भागात अजून कित्येक जोडप्यांकडं लग्नाचा अल्बम आहे, दाखला नाही. जोडीदाराच्या व्हिसाला पहिला कागद तोच लागतो. खेडेगावात ग्रामपंचायतीत नोंदणी होते, शहरात नगरपालिकेत. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोळ तालुक्यात कपाटंच्या कपाटं कागद भिजून गेले. ज्यांचे गेले त्यांनी दुसऱ्या प्रती काढून ठेवाव्यात. दाखल्यावरचं, आधारवरचं, पासपोर्टावरचं नाव एकसारखं आहे का ते बघा. माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नात ठेवलेलं वेगळंच नाव, वडिलांचं नाव मधे की नवऱ्याचं, या आपल्या गोंधळात कित्येक अर्ज अडकतात. स्टॅम्पिंग नक्की करून देतो म्हणणाऱ्या दलालाला एक रुपया देऊ नका. तो शिक्का त्याच्या हातात नाही.

लेक निघायच्या आधी तिचा पासपोर्ट तिच्या स्वतःच्या पिशवीत असू दे, सासूच्या कपाटात नको. सगळ्या कागदांच्या प्रती माहेरी ठेवा. तिच्या नावावर, फक्त तिच्या, परतीच्या तिकिटाएवढे पैसे ठेवा. परदेशात नवऱ्यानं टाकलं, मारलं, कागद काढून घेतले तर दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी वेगळा कक्ष 2009 पासून आहे. तिथं तक्रार करता येते, माहेरच्यांनाही करता येते. हे माहीत नसल्यामुळं बायका वर्षानुवर्षं सोसतात.

आपल्या सरकारकडं माझी मागणी साधी आहे. अमेरिकेशी व्यापाराची बोलणी होतात तेव्हा तेल येतं, सोयाबीन येतं, आयातकर येतो. 2024 साली मंजूर झालेल्या एच-वन-बी अर्जांत सुमारे 71 टक्के भारतीयांचे होते. त्या माणसांच्या बायकांना आणि नवऱ्यांना स्वतःचा स्वतंत्र दर्जा, नोकरी गेल्यावर 60 दिवसांहून मोठी मुदत आणि जोडीदार वारल्यावर राहायचा हक्क, या तीन गोष्टी त्याच टेबलावर ठेवा. आणि आधी आपल्या घरचा कायदा बदला, म्हणजे मागताना तोंड राहील.

राहिले आपण. या आठवड्यात तिकडच्या लेकीला किंवा सुनेला फोन कराल तेव्हा ग्रीन कार्डाचं काय झालं, हे विचारू नका. ती तारीख तिला रोज दिसते. तू कशी आहेस, एकटी आहेस का, पैसे हवेत का, यायचंय का, एवढं विचारा. आणि यायचंय म्हणाली तर का, असं विचारू नका. ये म्हणा.